शेगडी, पंखा आणि होडीचं गाणं

अप्पांनी फ्रिजच्या दारावरचं आंब्याच्या आकाराचं चुंबक काढलं आणि भूपालकाकांच्या रेकॉर्डवर ठेवलं. मग रेकॉर्ड दोन्ही हातांत धरून हळूहळू तिरकी केली. चुंबक घसरलं, फरशीवर पडलं आणि सोफ्याखाली गेलं.

“चिकटलं?” अप्पांनी विचारलं.

“न्हाई चिकटलं,” भूपालकाका म्हणाले.

“मग तुझं ते मशीन काढतंय काय? जे नाहीच ते काढायचं कसं?”

“पल्या, तू शाळेत पण असाच होतास. पुस्तकात न्हाई ते जगात न्हाई.”

बाबर सर दोघांच्या मधल्या खुर्चीत बसून चिवडा खात होते. अप्पा बोलले तेव्हा त्यांनी मान हलवली आणि काका बोलले तेव्हाही हलवली. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला हा गृहस्थ, शेवटी जो बोलेल त्याच्या बाजूचा असायचा. दर रविवारी सकाळी हे तिघं आमच्या सांगलीच्या घरी, वरच्या मजल्यावर, जुन्या रेकॉर्डी ऐकायला जमत. मी तेव्हा कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला नुकतीच लागले होते. रविवारी उशिरा उठायची माझी फार इच्छा असे, पण त्या घरात रविवारी झोपणं म्हणजे देवळातल्या घंटेखाली झोपण्यासारखं होतं.

मशीन टीपॉयवर होतं. काळं, चपटं, वर गोल तबक. काकांच्या पुतण्यानं सिंगापूरहून आणलेलं. रेकॉर्ड त्यावर ठेवायची, बटण दाबायचं, लाल दिवा लागायचा. मग रेकॉर्ड उलटी करून पुन्हा तेच. आवाज नाही, हालचाल नाही. सोबतच्या पुस्तिकेत म्हटलं होतं की रेकॉर्डच्या प्लॅस्टिकमध्ये नि रंगात लोहाचे बारीक कण असतात, ते वाजून वाजून चुंबकित होतात आणि आवाज गढूळ करतात. मशीन ते चुंबकत्व घालवतं, आवाज नितळ होतो. मात्र त्यानंतर रेकॉर्ड ताबडतोब वाजवायची. आईनं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं, “नवी शेगडी का?” तेव्हापासून त्याचं नाव शेगडीच पडलं.

शेगडी खरी की खोटी यानं कुणाचं काही बिघडलं नसतं, जर मध्ये होडीचं गाणं नसतं.

भूपाल मगदूम म्हणजे मार्केट यार्डातले हळदीचे अडते. आत शिरले की घरभर हळदीचा वास. पण विशीत असताना हा माणूस गायक व्हायला मुंबईला पळाला होता. दोन वर्षं कोरसमध्ये उभा राहिला, मग वडील गेले आणि पेढी सांभाळायला परत आला. त्या दोन वर्षांची शिल्लक म्हणजे एक छोटी रेकॉर्ड. चित्रपट आठवडाभरही टिकला नव्हता, पण त्यात होडीचं एक गाणं होतं आणि त्यातल्या ‘हैय्या रे हैय्या’मध्ये मागच्या रांगेत भूपाल मगदूम होते. असं ते म्हणत. रेकॉर्डवर कोरसची नावं कधी छापत नाहीत, त्यामुळे पुरावा काहीच नव्हता. आणि अप्पा, म्हणजे माझे वडील, वीज मंडळातून निवृत्त झालेले इंजिनिअर प्रल्हाद सूर्यवंशी, पुराव्याशिवाय घरातलं दूध नासलंय हेही मानत नसत.

दोघं शाळेपासूनचे मित्र. इतके जुने की काकांचं नाकसुद्धा अप्पांनी फोडलेलं. विटीदांडू खेळताना अप्पांची विटी जी उडाली ती थेट काकांच्या नाकावर. तेव्हापासून नाक डावीकडं कललेलं, आणि काकांनी मोठा श्वास घेतला की आतून बारीक शीळ वाजे. जिना चढताना तर हमखास. आई स्वयंपाकघरातून ती ऐके आणि बेल वाजायच्या आधी चहाचं आधण ठेवी. काकांना स्वतःला मात्र ती शीळ कधी ऐकू आली नाही. कुणी म्हटलं तर म्हणत, “कुठं? मला तर काय येत न्हाई ऐकू.”

होडीवरून अप्पा त्यांना चिडवत आणि काका चिडत, आणि त्यात दोघांचं चांगलं चाललं होतं. पण फेब्रुवारीत काकांची नात प्रांजल दहा वर्षांची झाली. वाढदिवसाला सगळे जमलेले असताना काकांनी तिला होडीची गोष्ट सांगितली आणि ती डोळे मोठे करून ऐकत होती. तेव्हा अप्पा म्हणाले, “अगं, तुझा आजोबा तिथं होता खरा. गाणाऱ्यांना चहा देत होता.” सगळे हसले. प्रांजलही हसली. तेव्हा काकाही हसले, पण महिन्याभरात ही शेगडी घेऊन आले.

“मशीन लावल्यावर माझा आवाज वेगळा कळतोय,” त्यांनी जाहीर केलं होतं. “मागच्या रांगेत, डावीकडनं दुसरा.”

आणि मागच्या रविवारी एक गोष्ट घडली, जी फक्त मी पाहिली. काकांनी आधी गाणं तसंच लावलं, मग मशीनवर ठेवून पुन्हा लावलं. दुसऱ्या वेळी बासरी सुरू झाली आणि अप्पांची मान हलली. वाहवा म्हणताना हलते तशी. लगेच त्यांनी ती थांबवली, पण चेहऱ्यावर जे उमटायचं ते उमटून गेलं होतं. अप्पांना फरक ऐकू आला होता. त्यानंतर आठवडाभर ते घरात कुणाशी धड बोलले नाहीत. आज फ्रिजवरचं चुंबक काढण्यापर्यंत मजल गेली ती त्यामुळे.

“भूपाल्या, हे असं नाही मिटायचं,” अप्पा म्हणाले. “चाचणी घेऊ. मशीन चालवलंय का नाही हे आपल्याला कळता कामा नये. नुसतं ऐकून सांगायचं.”

“घे की. मी कुठं भितोय?”

“ओळखता आलं, तर मी स्वतः प्रांजलला फोन करीन. सांगीन, तुझा आजोबा गायलाय, मीच मूर्ख. उद्या यार्डात येऊन हमालांपुढंही सांगीन.”

“आणि न्हाई ओळखता आलं तर?”

“तर होडीचं नाव परत काढायचं नाही. कुणापुढंच.”

काकांनी रेकॉर्डकडे बघितलं. बाबर सर चिवडा चावायचे थांबले. तिथल्या तिथं ‘जाऊ द्या हो, कशाला’ म्हणायला हवं होतं, पण एकालाही सुचलं नाही. चिडवण्याचं भांडण झालं होतं आणि भांडण आता दोघांनाही आवरत नव्हतं.

“ठरलं,” काका म्हणाले. “पंच कोण?”

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

“वैजू संख्याशास्त्र शिकवते,” अप्पा म्हणाले. “ती चोख करील.”

“आणि ती तुझी मुलगी असली तरी लबाडी करायची न्हाई,” काका म्हणाले. “आईवर गेलीय.”

मला नाही म्हणवलं नाही. शिवाय खरं सांगायचं तर मजाही वाटत होती. कॉलेजात ज्या चाचण्या मी फळ्यावर शिकवायचे त्यांतली एक आमच्या हॉलमध्ये चालून आली होती. मी रीतसर मांडणी केली. दर वेळी मी नाणं उडवणार. छापा पडला तर रेकॉर्ड मशीनवर ठेवायची, काटा पडला तर नाही. तोवर तिघांनी बाहेर गॅलरीत उभं राहायचं. मी हाक मारली की आत येऊन प्लेअरकडे पाठ करून बसायचं. बोलायचं नाही, कारण कुणी बोललं की बाबर सर फिरणार. प्रत्येकाच्या मांडीवर एक वाटी. मशीन चालवलंय असं वाटलं तर वाटीत शेंगदाणा टाकायचा, नाही वाटलं तर फुटाणा. दर फेरीनंतर मी बघून दाणे काढून घेणार.

“सर, दाणे खायचे नाहीत,” मी बजावलं.

“छे छे,” बाबर सर म्हणाले.

एप्रिल होता. सांगलीचा एप्रिल ज्यांनी काढलाय त्यांना पुढचं सांगायला नको. आई सकाळपासून गच्चीवर कुरडया घालत होती. हॉलमधला छताचा पंखा जळून दोन वर्षं झाली होती, कारण त्याच्या मोटरची तार अप्पा स्वतः नव्यानं गुंडाळणार होते आणि बाहेरच्या माणसाला हात लावू देणार नव्हते. तोवर कोपऱ्यात एक उभा पंखा घरघरत असे. घरातलं वायरिंगही अप्पांच्याच हातचं. हॉलमध्ये दोनच सॉकेट, एकावर प्लेअर, एकावर पंखा. एक्स्टेन्शन बोर्ड घरात आणायला बंदी होती. त्यानं आग लागते, असं अप्पांनी उभ्या जिल्ह्याला सांगितलं होतं. त्यामुळे शेगडी लावायची तर पंख्याची पिन काढूनच लावावी लागे. त्याचं कुणाला काही वाटत नसे. ते भारनियमनाचे दिवस होते. पंखा बंद पडला म्हणून चमकणारा माणूस तेव्हा सांगलीत सापडला नसता.

तर मी नाणं उडवायला लागले.

छापा पडला की पंख्याची पिन काढायची, शेगडीची लावायची, रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी ठेवायची, लगेच प्लेअरवर चढवायची आणि हाक मारायची. ताबडतोब वाजवायची असल्यानं मध्ये वेळ घालवायचा नव्हता. फेरी संपली की पंख्याची पिन परत लावायची. काटा पडला की नुसतंच थोडा वेळ थांबून हाक मारायची. तिघं उन्हातून डोळे बारीक करत आत येत, शिक्षा झालेल्या पोरांसारखे भिंतीकडे तोंड करून बसत आणि मी सुई ठेवी. बासरी वाजे, वल्ह्यांचा चुबुक चुबुक आवाज येई, नायक एक ओळ गाई आणि मग ‘हैय्या रे हैय्या’. वाटीत दाणा पडल्याचा टप्प आवाज होई.

पहिल्या फेरीत तिघांचंही बरोबर आलं. दुसऱ्या फेरीतही आलं. तिसऱ्या फेरीत बाबर सरांच्या वाटीत काहीच नव्हतं, पण त्यांची दाढ हलत होती, म्हणून तोंडी विचारून घेतलं. तेही बरोबर. चौथ्या-पाचव्या फेरीनंतर मी वाट्या दोनदोनदा बघायला लागले. असं होत नसतं. अंदाजानं इतकं बरोबर येत नाही, हे तर मी पोटापाण्यासाठी शिकवत होते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अप्पांचंही दर वेळी बरोबर येत होतं. खोटा फुटाणा टाकून चाचणी बिघडवणं त्यांच्या हातात होतं. पण तसं करण्यापेक्षा त्यांनी हात तोडून घेतला असता. मला त्या क्षणी माझ्या बापाचा फार अभिमान वाटला आणि फार कीवही आली.

शेवटी मी निकाल सांगितला. एक चूक सोडली तर सगळं बरोबर, आणि ती चूक सरांची.

काका उठून उभे राहिले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, डोळे पुसले, मग घामच पुसत होतो असं दाखवायला मानही पुसली.

“पल्या,” ते म्हणाले, “तुला पण ऐकू आलं की रे.”

“आलं,” अप्पा म्हणाले. “का आलं ते कळत नाही, पण आलं.” ते टेलिफोनपाशी गेले. काकांच्या घरचा नंबर त्यांना पाठ होता. रिसीव्हर उचलून त्यांनी पहिले आकडे फिरवलेसुद्धा.

“ताकद आहे बरं का मशीनमध्ये,” बाबर सर म्हणाले. “नुसतं ऐकूच येत नाही, अंगात जाणवतं. मशीन लावलेलं असलं की मला दर वेळी असा घाम फुटतो.”

अप्पांचं बोट थांबलं.

“काय म्हणालात सर?”

“घाम फुटतो. आणि नसलं लावलेलं की गार वाटतं. मी तर पुढं पुढं घामावरच दाणा टाकत होतो.”

अप्पांनी रिसीव्हर खाली ठेवला. वळले. कोपऱ्यातल्या पंख्याकडे बघितलं, मग पंख्याच्या पिनेकडे, मग माझ्याकडे. मला त्याच क्षणी कळलं आणि धरणी दुभंगली तर बरं असं झालं. एम.एस्सी.ला पहिली आलेली मी. दर छाप्याला माझ्याच हातानं घरघर बंद करत होते आणि दर काट्याला चालू ठेवत होते.

“वैजू,” अप्पा अगदी हळू म्हणाले, “पंखा बंद ठेव. पुन्हा घे.”

“आता कशाला?” काका म्हणाले. “झाली की चाचणी.”

“मशीनची नाही झाली. पंख्याची झाली. काढ ती पिन.”

पुन्हा घेतली. या वेळी पंखा मुळात लावलाच नाही. खोली अशी तापली की बाबर सरांनी फुटाणे खायचेही सोडले. आणि वाट्यांमध्ये नुसती खिचडी. एकदा अप्पांचं बरोबर, एकदा चूक, सरांचं तसंच, आणि काकांचं तर दोघांपेक्षा वाईट. मशीन न लावता वाजवलेल्या होडीला काकांनी ठामपणे शेंगदाणा टाकला, लावलेल्या होडीला फुटाणा.

मी निकाल सांगितला.

काकांनी पायांत चपला घातल्या. शेगडीकडे बघून म्हणाले, “ही राहू दे हितंच. वहिनींना कुरडया ठेवायला हुईल.”

“भूपाल्या, बस. चहा घे.”

“न्हाई. म्हणजे बघ, मला जे ऐकू येत होतं ते पण खोटंच की.” ते हसले, पण नुसत्या तोंडानं. “म्हातारपणी मनाला येईल ते ऐकू येतं, दुसरं काय. होडीचं नाव न्हाई काढायचं आता. शब्द दिलाय.”

ते जिना उतरून गेले. बाबर सर थोडा वेळ चुळबुळले, मग चिवड्याचा डबा झाकून तेही उठले. जाताना म्हणाले, “सूर्यवंशी साहेब, जिंकलात तुम्ही.”

अप्पा जिंकले होते आणि त्यांचं तोंड कडू झालं होतं. खुर्ची अजून भिंतीकडेच होती, तिच्यातच ते बसून राहिले. खाली गल्लीत काका लुनाला किक मारत होते आणि लुना नेहमीप्रमाणे ऐकत नव्हती. मला अप्पांचा राग आला. म्हटलं, “एवढं काय अडलं होतं? गायले म्हणतात तर गायले म्हणायचं.”

“खोटं कसं म्हणू?”

“खोटं आहे हे तरी कुठं माहितीय तुम्हाला?”

त्यांनी प्लेअरकडे बघितलं. होडी तिथंच राहिली होती. काकांनी जन्मात पहिल्यांदा ती मागं सोडली होती.

“लाव एकदा,” अप्पा म्हणाले. “मग पाकिटात घालून देऊन येतो त्याला.”

मी सुई ठेवली. पंखा बंदच होता. बासरी आली, वल्ही आली. त्याच वेळी आई गच्चीवरून उतरून मागच्या दारानं स्वयंपाकघरात आली. सकाळपासून ती वरच होती; चाचणीबिचणीचा तिला पत्ताही नव्हता. माठातून पाणी घेतल्याचा आवाज आला. नायकाची ओळ संपली, गाणं क्षणभर थांबलं, आणि कोरस सुरू झाला.

“भावोजी,” आई आतून म्हणाली, “चहा टाकू का सरबत करू? केवढं ऊन आहे.”

“कुणाला विचारतेस?” अप्पा म्हणाले. “तो गेला.”

“गेले? कधी?”

“झाला थोडा वेळ.”

आई पदराला हात पुसत दारात आली. हॉलभर बघितलं. मी आणि अप्पा, दोघंच.

“मग आत्ता नाक कुणाचं वाजलं?” तिनं विचारलं.

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. मग उठले, मला बाजूला केलं आणि स्वतःच्या हातानं सुई उचलून थोडी मागं ठेवली. घाईत ती जरा जास्तच मागं पडली आणि आम्हाला अख्खी ओळ पुन्हा ऐकावी लागली. ओळ संपली. गाणं थांबलं. त्या थांबण्यात कोरसमधल्या सगळ्यांनी मिळून एक श्वास घेतला, जसा गाण्याआधी घेतात, आणि त्या श्वासात एक बारीक शीळ होती. जिन्यात वाजायची ती. दर रविवारी आई जिच्यावर चहा ठेवायची ती.

“हीच की,” आई म्हणाली. “हे भावोजींचं नाक नाही तर कुणाचं?”

सकाळपासून आम्ही ते गाणं किती वेळा ऐकलं असेल. तिघंही आवाज नितळ आहे का ते ऐकत होते, काका स्वतःचा सूर शोधत होते आणि मी दाणे मोजत होते. त्या थांबण्यात काही आहे हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

अप्पा गॅलरीत धावले. सत्तरीला टेकलेला माणूस, पण खरंच धावले. खाली लुना एकदाची सुरू झाली होती.

“भूपाल्या,” त्यांनी ओरडून हाक मारली, “वर ये.”

“कशाला?”

“श्वास घ्यायला.”

काकांनी वर बघितलं. याला ऊन लागलं असावं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पण अप्पांचे डोळे भरले होते आणि ते खालूनही दिसत असणार, कारण काकांनी लुना बंद केली. मग जिन्यात पावलं वाजली, आणि पावलांच्या पुढं शीळ.

अप्पांनी त्यांना खुर्चीत बसवलं, गाणं लावलं आणि नेमक्या जागी बोट वर केलं. काका ऐकत राहिले.

“काय?” ते म्हणाले. “मला तर काय येत न्हाई ऐकू.”

“तुला नाहीच यायचं. तुझं नाक आहे, ते आम्हालाच ऐकू येतं. आयुष्यभर आम्हीच ऐकतोय.” अप्पांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्यांनी बराच वेळ काढला नाही. “तू गायलायस, भूपाल्या. मीच गाढव.”

काकांनी आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघींनी माना हलवल्या. तरी त्यांचा विश्वास बसेना. “तुम्ही सगळे मिळून माझी समजूत काढालाय,” ते म्हणाले.

“मी आणि समजूत?” अप्पा म्हणाले. “बरं, ठीक आहे. संध्याकाळी प्रांजलला घेऊन ये. तिला काही म्हणजे काही सांगू नकोस. नाकाचं नाही, होडीचं नाही, मशीनचं नाही. वैजू, चालेल ना असं?”

“चालेल,” मी म्हटलं. “अशीच घ्यायला हवी होती आधीपासून.”

संध्याकाळी प्रांजल आली. दोन वेण्या, हातात आइस्क्रीमची काडी. बाबर सरांनाही बोलावलं होतं आणि त्यांना तोंड उघडायची बंदी होती. काका दाराजवळ, तिच्या मागं, भिंतीला टेकून उभे राहिले. सकाळपेक्षा जास्त घामाघूम झाले होते.

“पंखा का बंद आहे?” तिनं आल्या आल्या विचारलं.

“लाइट गेलीय,” अप्पा म्हणाले.

“मग प्लेअर कसा चालतोय?”

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. पोरगी हुशार होती. “तू बस,” मी म्हटलं, “आणि हे गाणं ऐक. वेगळं काही ऐकू आलं तर सांग.”

सुई टेकली. बासरी झाली. वल्ही झाली. प्रांजल पाय हलवत काडी चाटत होती. नायकाची ओळ संपत आली तसे अप्पा खुर्चीच्या कडेला आले. आई दारात हातात सांडशी घेऊन उभी होती. ओळ संपली, गाणं थांबलं.

प्रांजलचे पाय थांबले. तिनं मागं वळून आजोबांकडे बघितलं. इकडे ‘हैय्या रे हैय्या’ सुरू झालं होतं, पण तिचं लक्ष तिकडं नव्हतं.

“आजोबा,” ती म्हणाली, “आत्ता श्वास तुम्ही घेतलात?”

भूपालकाकांनी तोंडावर हात ठेवला होता. श्वास तर ते मघापासून घेतच नव्हते. त्यांनी हात काढला. आधी अप्पांकडे बघितलं, मग नातीकडे.

“व्हय, बाळ,” ते म्हणाले. “मीच घेतला.”

“कधी? मला तर तिकडून ऐकू आला.” तिनं प्लेअरकडे बोट दाखवलं.

“बासष्ट साली,” काका म्हणाले, आणि हसताना त्यांचं नाक वाजलं.